केरीच्या मोरडीवर गहू: यंदाच्या वाणनिवडीची वही

5 सप्टेंबर

चवथ आटोपली, पाहुणे पांगले, माटोळीची उरलेली फळं सासूबाईंनी काल वाटून टाकली. आता वही उघडायला हरकत नाही.

गेल्या वर्षीचा हिशेब आधी लिहिते, म्हणजे यंदा उगाच फुशारकी नको. गोव्यातलं केरी, वरची मोरड, म्हणजे मळ्यापेक्षा उंचावरची जमीन, 500 चौरस मीटर. माहेरच्या भाषेत पाच गुंठे. लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी चौरस मीटर म्हटलं की मला जमीन नाही, फरशी आठवते. 9 डिसेंबरला लोक-1 वाणाचा गहू पेरला, बी पाच किलो. 5 मार्चला कापला. मळून, उफणून, पाखडून हाती आला अकरा किलो, त्यातला निम्मा चिपाड, न भरलेला दाणा. भावोजींचा हिशेब सोपा: "वहिनी, सहा किलोसाठी तीन महिने."

यंदा पुन्हा करायचं का, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झाला. करायचं. पण बी आधी आणि विचार नंतर असं या वेळी नाही.

8 सप्टेंबर

गव्हासाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत, त्यात प्रायद्वीपीय विभागात महाराष्ट्र, कर्नाटक वगैरेंच्या पंक्तीला गोव्याचंही नाव आहे. पान मांडलंय, जेवणारा आलेलाच नाही. जुने गोवेच्या आयसीएआर केंद्राने, म्हणजे सरकारी शेती संशोधन केंद्राने, खाजनातल्या, खाडीकाठच्या शेतातल्या, खाऱ्या पाण्यात तगणारे गोवा धान हे भाताचे वाण काढले आहेत. गव्हासाठी इथे कोणी कशाला डोकं घालावं? त्यामुळे निफाड, पुणे, धारवाड इथल्या संशोधन केंद्रांच्या शिफारशी घ्यायच्या आणि घाट उतरवून केरीला लावून बघायच्या, एवढंच हातात आहे.

एक गैरसमज मात्र फिटला. मला वाटायचं, गव्हाला थंडी लागते, आमच्याकडे ती नाही, म्हणून ओंबी धड येत नसावी. युरोपातल्या खऱ्या हिवाळी गव्हाचं तसं असतं. त्याला काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय तो फुलोऱ्यावर येतच नाही. आपल्याकडचे वाण त्या जातकुळीचे नाहीत. आपण हिवाळ्यात पेरतो इतकंच, थंडीचा तसा हट्ट त्यांचा नसतो. म्हणजे केरीत ओंबी येणारच. फक्त घाईघाईने येणार. फुटवे, म्हणजे बुंध्यातून निघणाऱ्या जास्तीच्या काड्या, फुटायच्या आत येणार.

14 सप्टेंबर

रविवार, दिवसभर पाऊस. गेल्या वर्षीची तापमानाची वही काढली. आंब्याच्या सावलीत टांगलेल्या त्या कमाल-किमान तापमापकाची घरात बरीच चेष्टा झाली होती, पण आज तोच उपयोगी पडला.

पेरणीपासून कापणीपर्यंतची सरासरी: रात्री 17, दुपारी साडेतेहतीस. दोन्हीचा मध्य सव्वापंचवीस. माहेरच्या बाजूचा, बेळगावचा हिवाळा ढोबळ मानाने रात्री 14, दुपारी 29, मध्य साडेएकवीस. जवळजवळ चार अंशांचा फरक. तो यायलाच हवा. बेळगाव साडेसातशे मीटरवर, आम्ही चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश हा शाळेतला नियम.

गव्हाचं घड्याळ दिवसांवर चालत नाही, साठलेल्या उष्णतेवर चालतं. रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं, ठरावीक बेरीज झाली की पीक पुढच्या अवस्थेत. बेळगावात 105 दिवस घेणारं पीक म्हणजे 105 गुणिले 21.5, सुमारे 2257. हेच केरीच्या 25.25 ने भागलं की 89 दिवस. माझा लोक-1 86 दिवसांत कापणीला आला होता. गणित इतकं जवळ बसेल असं वाटलं नव्हतं. दोनदा करून पाहिलं, मग चहा केला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. सगळे सांगतात, गोव्यात उष्णता आहे, तेव्हा कमी दिवसांचा वाण घ्या. मला ते उलटं वाटतं. दिवस तर आमची हवाच कापते. आखूड वाण घेतला तर आखडून आखडून राहणार काय? एक काडी, एक ओंबी. गेल्या वर्षी अगदी तेच झालं होतं. मोजलेल्या वीस रोपांपैकी तेरांना एकही फुटवा नव्हता. त्यापेक्षा थोडा लांब पल्ल्याचा वाण आणावा. तो इथे आपोआप आवरता होईल.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती वाणापेक्षा मोठी आहे. डिसेंबरात पेरल्यामुळे फुलोरा जानेवारी संपता संपता आला, दाणे फेब्रुवारीत भरायला लागले, आणि फेब्रुवारीत वहीत दुपारचे आकडे 35, 36. दाणे चिकात असताना तिशीच्या वर ऊन तापलं की दाणा भरायच्या आधीच पिकतो. चिपाड तिथून आलं. राहुरी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत वेळेवरची बागायती पेरणी 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरतात. मी ते वाचलं होतं. पण तो आकडा थंडीच्या मुलखातला, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून सोडून दिलं होतं. शहाणपणा.

नोव्हेंबरच्या 12 च्या सुमारास पेरलं तर फुलोरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दाणे भरायला सगळा जानेवारी. आमच्याकडे जी काही थंडी म्हणायची ती तेवढीच.

15 सप्टेंबर

माती कार्डावर सामू (पीएच) 5.4, म्हणजे आम्लधर्मी. जांभ्याची माती, वरून एवढा पाऊस, चुना राहील कुठे! शंभर किलो शेतीचा चुना सांगितला. पाऊस ओसरला की पसरायचा.

21 सप्टेंबर

उमेदवार बघितले.

लोक-1 बाद. बाजारात पोळीला लोक त्याचंच नाव घेतात, चव आहेच. पण तांबेऱ्याला, या बुरशीच्या रोगाला, हा फार लवकर बळी पडतो. गेल्या फेब्रुवारीत पिकातून चालत आले तर ओढणीला नारिंगी भुकटीचा पट्टा. मला आधी कुंकू सांडल्यासारखं वाटलं. पान उलटून बोटाने पुसलं तेव्हा कळलं. तांबेऱ्याचे बीजाणू सपाटीवरच्या उन्हाळ्यात जगत नाहीत. दक्षिणेत नीलगिरी आणि पलनीच्या डोंगरांत ते तग धरून राहतात आणि तिथून वाऱ्यावर येतात, हे के. सी. मेहता यांनी फार पूर्वी दाखवून दिलं. आमच्याकडे पहाटेचं दव पान न्हाऊन निघेल इतकं. पाहुणा येतो आणि पाटही मांडलेला असतो.

एनआयएडब्ल्यू 34, निफाडचा. उशिरा पेरणीचा म्हणून प्रसिद्ध. गेल्या वर्षी हा घेतला असता तर बरं झालं असतं. यंदा उशीर करायचाच नाही, तर उशिराचा वाण कशाला?

पंचवटी बन्सी गहू, जिरायतीचा. शेवया, रव्याला उत्तम. पण आमच्या घरात शेवया म्हणजे तांदळाच्या. शेवया पाडायचा शेवगा घेऊन कोण बसणार? पुढे.

एमएसीएस 6478, पुण्याच्या आघारकर संस्थेचा. 110 दिवस, वेळेवर पेरणीचा, पानावरच्या आणि खोडावरच्या दोन्ही तांबेऱ्यांना दाद न देणारा. कागदावर हाच पहिला.

फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू 1994. वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांना शिफारस असलेला. हे मला आवडलं. परतीचा पाऊस लांबला आणि माझी तारीख हुकली, तरी हा तोंडघशी पाडणार नाही.

आणि खपली. हिच्याबद्दल लिहायचं टाळत होते, कारण ती आवडते म्हणून घेतेय की पटते म्हणून, याची मलाच खात्री नाही. माझे वडील, आप्पा, अजून एका पट्ट्यात खपली करतात. श्रावणात आई खपलीची खीर करायची. रात्रभर भिजवलेले गहू, गूळ, खोबरं, वर वेलची, आणि घरभर तो वास. हे कारण वहीत चालणार नाही. चालणारं कारण हे: उन्हात इतर गहू मान टाकतात तिथे खपली बरी तगते, आणि तांबेऱ्याला ती जुनी वैरीण आहे. खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत 1922 साली बारा गव्हांचा संच ठरवला गेला, त्यात एकाचं नाव खपली असंच आहे. बेळगाव-सांगलीकडचा शब्द तिथवर पोचला. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग? आम्ही काय खोटं सांगत होतो?"

28 सप्टेंबर

पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर आला तेव्हा विचारलं, गावचा गहू दळून दिला तर पोळ्या भाजशील का? पोदेराची पोळी, कोंड्याची, मध्ये पोकळ असते ती. माझं स्वप्न तेच होतं. तो हसला. "पांच किलांनी म्हजी भट्टी लेगीत तापची ना, बाय." मग सायकल स्टँडवर लावून नीट समजावलं. पिठाला ओढ लागते, ताणलं तर तुटायला नको. पीठ सगळं बाहेरून येतं, पण पोतं बदललं तरी त्याच्या हाताला कळतं. खपलीच्या पिठाला तशी ओढ नसते हे मलाही ठाऊक आहे. खपलीची चपाती लाटतानाच कडा फाटतात.

तर खपली पोळीसाठी नाही, खिरीसाठी आणि रव्यासाठी. पोळीचा नाद लागलाच तर तो समाधानवर.

3 ऑक्टोबर

दसऱ्याला माहेरी गेलो होतो, आज परत. चोर्ला उतरताना खिडकी उघडी ठेवली आणि कुठल्या वळणावर अंगावरची गार हवा जाते ते बघत बसले. मुलगा म्हणाला, "आई, तू काय मोजतेस?"

बी गोळा झालं. फुले समाधान सीलबंद पिशवीत, निळं लेबल, चाचणीची तारीख यंदाच्या ऑगस्टची. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने, तेव्हा ठीक. 6478 मात्र सीलबंद मिळाला नाही. एका दुकानदाराने पोत्यातून मोजून दिला, "तोच आहे हो ताई, डोळे झाकून न्या." लेबल विचारलं तर पोत्यावर होतं, पोतं गोदामात, गोदामाची किल्ली भावाकडे. मी घेतला. घ्यायला नको होता.

आप्पांनी खपली दिली तीन किलो, सालासकट. त्यांच्या घरची, कोणत्याही क्रमांकाची नाही. धारवाडची सुधारित खपली, डीडीके 1029, मिळते का बघा म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. घरचीच घेतली. एक दोष तेही मान्य करतात: उंच वाढते, वाऱ्याने लोळते.

9 ऑक्टोबर

खपलीचा दाणा मळणीनंतरही सालातच राहतो. तो काढायचा कसा, हे बी पेरायच्या आधी ठरायला हवं होतं, म्हणून एक किलो बाजूला काढून आज प्रयोग केला. एवढ्यासाठीच आप्पांकडून जास्त आणली होती.

आधी भाताच्या गिरणीवर पाव किलो. रबरी रोळातून खाली आला तो अर्धा अख्खा, अर्धा तुकडे, आणि काही जसेच्या तसे. गिरणीवाल्याने चाळणी झटकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या यंत्रात खडे घातले.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "व्हायन कशाला आहे मग?" व्हायन, म्हणजे उखळ, मागच्या पडवीत, जमिनीत पुरलेलं. गेली आठ-दहा वर्षं त्यावर दळणाचे डबे ठेवले जातात. डबे काढले, धुतलं. खपलीवर पाण्याचा हबका मारला, दाणे ओले दिसतील इतकाच, आणि दहा मिनिटं झाकून ठेवले. मी मुसळ उचललं आणि जोरात हाणलं, तर दाणे उडून थेट तुळशीपर्यंत. सासूबाईंनी मुसळ काढून घेतलं. त्या मारत नव्हत्याच. मुसळ उचलायचं आणि त्याच्याच वजनाने पडू द्यायचं, पडता पडता मनगटाने किंचित वळवायचं. दाण्यावर दाणा घासला जातो, साल सुटते, दाणा फुटत नाही. "उकडं भात असंच सडायचो," एवढंच बोलल्या. पंच्याहत्तरीच्या बाईचा श्वाससुद्धा चढला नाही. मग उन्हात वाळवणं, मग सूप.

पाऊण किलोचे झाले 555 ग्रॅम. म्हणजे किलोला 740. तुकडे मूठभर. गिरणीचा प्रश्न मिटला, निदान दहा-वीस किलोंपुरता.

14 ऑक्टोबर

उगवणशक्ती. तीन ओली फडकी, प्रत्येकी शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळी, गुंडाळी करून ताटात. ताटावर खडूने नावं. खपलीचे सालासकट शंभर, कारण पेरायचे तसेच.

21 ऑक्टोबर

दिवाळीच्या पोह्यांच्या गडबडीत फडकी विसरले नाही, हे लिहून ठेवते. समाधान 92. खपली 88, आणि त्यातल्या बऱ्याच सालांतून दोन-दोन कोंब, कारण एका सालात दाणेच दोन. 6478 फक्त 61, त्यातलेही बरेच कोंब काटकुळे, मूळ बुरशीने काळं.

प्रमाणित गव्हाला किमान 85 टक्के लागतात. एकसष्टचं बी दीडपट टाकून भागवता येईल, असं भावोजींचं म्हणणं. संख्या भागेल, जोम कुठून आणायचा? शिवाय ते 6478 आहे याला पुरावा काय, गोदामातलं पोतं? निकाल चुकला तर वाणाला दोष जायचा. बाद. कोंबड्यांना दिलं.

समाधानला दोनशे चौरस मीटर, खपलीला दोनशे. उरलेल्या शंभरांत सासूबाईंचे अळसांदे, म्हणजे चवळीसारखं कडधान्य. त्या गेल्या वर्षापासून ती जागा मागतच होत्या. आता त्यांना वाटतं, मी त्यांच्यासाठी सोडली. वाटू दे.

26 ऑक्टोबर

तीन दिवस पाऊस. खालच्या मळ्यात ज्योती वाणाचं भात आडवं झालं, सगळं घर तिकडे. गव्हाबद्दल आज तोंड उघडण्यात अर्थ नाही.

2 नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. ऊस आणायला गेले तेव्हा वाटेत मोरडीवर डोकावले. मातीचा गोळा केला, मुठीत धरला, छातीच्या उंचीवरून टाकला: फुटला नाही, चपटा झाला. वाफसा नाही. खालच्या मळ्यात तर अजून पाय रुततोय. भातखाचरात गहू करायचा विचार गेल्या वर्षी सोडला, हे बरंच झालं. चिखलणी केलेली जमीन वाळली की विटेसारखी होते आणि वाळायला डिसेंबर उजाडतो. वरच्या मोरडीत नाचणी होती, तिथे निचरा आहे.

8 नोव्हेंबर

गोळा फुटला. पॉवर टिलरच्या दोन पाळ्या. चुना, शेणखत मातीत गेलं. बियाण्याचं प्रमाण ठरवलं: पेरणी वेळेवरची, पण प्रमाण उशिराच्या पेरणीचं. वेळेवर पेरताना हेक्टरी 100 किलो सांगतात, उशिराला 125, कारण उशिराच्या पिकाला फुटवे कमी. केरीचं पीक तारखेने वेळेवरचं असलं तरी उष्णतेने उशिराचंच. फुटवे मिळणार नाहीत, तर रोपंच जास्त हवीत. 200 मीटरला अडीच किलो, ओळीत अंतर 18 सेंटीमीटर. खपलीत साल धरून दोन किलो, तेवढीच शिल्लक होती.

12 नोव्हेंबर

पेरलं.

बियाण्याला काल संध्याकाळी थायरम, आज सकाळी अझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं, सावलीत सुकवून. इथे पाभर कुणाकडे असायची? भावोजींनी जुन्या फळीला 18 सेंटीमीटरवर पाच खिळे मारले आणि फळी दोरीने ओढत रेघा पाडल्या. मी आणि सासूबाई मागून बी सोडत. त्यांच्या ओळी सरळ, माझ्या शेवटाकडे अळसांद्यांच्या बाजूला झुकलेल्या. माती फार खोल पडू दिली नाही, पाचेक सेंटीमीटर. विहिरीचं पाणी हलकं दिलं. कालव्याच्या पाण्याचा आमच्या फाट्याला अजून पत्ता नाही, गेल्या वर्षी डिसेंबरातच आलं होतं.

तापमापक आंब्यावरून काढून पिकाच्या कडेला, छपराच्या तुकड्याखाली. आजचं किमान 21, कमाल 34. आकडे बघून पोटात गोळा आला.

18 नोव्हेंबर

समाधान वर आला. हिरव्या सुया. खपली अजून नाही. आप्पा फोनवर: "साल भिजायला वेळ नको? उकरून बघू नकोस." मी सकाळीच तीन ठिकाणी उकरलं होतं.

21 नोव्हेंबर

खपलीही आली. कोंब समाधानपेक्षा बारीक, पण जोडीजोडीने.

पहाटे मोर, दोन लांडोरी. समाधानच्या कडेच्या दोन ओळी उपटून दाणा खाल्ला आणि रोप तिथेच टाकलं. खपलीत एका ठिकाणी उकरून पाहिलं आणि सोडून दिलं, साल तोंडात फुटत नसावी. गव्यांसाठी कुंपण आहे, मोरासाठी काय करायचं? रंगीत साडीचे पट्टे बांधले. गेल्या वर्षी या पट्ट्यांवर मोर बसले होते.

26 नोव्हेंबर

एक चौरस मीटरची चौकट, तीन-तीन ठिकाणी. समाधान सरासरी 214 रोपं, खपली 171. खपलीत बी कमी पडलं होतं, त्या मानाने वाईट नाही.

किमान 18.5. चोर्ल्याच्या बाजूने सकाळी वारा. मुकुटमुळं फुटतानाचं पाणी पेरणीपासून 18 ते 21 दिवसांत, म्हणजे 30 तारखेपासून 3 डिसेंबरपर्यंत, आणि ते चुकलं तर फुटव्यांचं नावच नको. विहीर दोन तासांत तळाला जाते. तेव्हा 30 ला समाधान, 1 ला खपली, 2 ला विहिरीला सुट्टी, 3 ला जे कोरडं राहिलं ते. पंपाच्या पाइपाला मधोमध भोक आहे. भावोजींना आठवण करायची.